राहून गेलेले सात दिवस

रास्ता पेठ, पुणे
१५ मार्च १९९८

ती. मोठ्या काकांना,
शालोम आणि नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी मिल्का, आपले धाकटे भाऊ शालोम वाक्रुळकर यांची मुलगी. आपण १९६४ साली इस्राएलला गेलात, त्यानंतर अकरा वर्षांनी माझा जन्म झाला. आपला पत्ता सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानांकडून घेतला. पप्पांना या पत्राबद्दल माहीत नाही, हे आधीच सांगते. मला लपवाछपवी आवडत नाही, पण इलाज नव्हता.

मी बी.एस्सी. झाले, नंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि आता औंधला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बंगल्यातलं ऑफिस, आम्ही बारा जण. सन दोन हजार लागल्यावर परदेशातल्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा चुकणार आहेत, त्या आम्ही आधीच दुरुस्त करतो. दिवसभर तारखाच बघते. पप्पा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून रिटायर झाले. आई तीन वर्षांपूर्वी गेली. घरात दोघंच असतो. जेवताना रेडिओ लावतो, म्हणजे कोणालाच बोलावं लागत नाही.

लिहायचं कारण असं. गेल्या किप्पूरला हजानांनी सांगितलं की माणसाने देवाचा केलेला अपराध किप्पूरच्या उपासाने धुतला जातो, पण माणसाने माणसाचा केलेला अपराध त्या माणसाने माफ केल्याशिवाय धुतला जात नाही. हे ऐकून पप्पा उठले आणि बाहेर गेले. पांढऱ्या कपड्यांत, पोटात पाण्याचा थेंब नसताना, प्रार्थना संपेपर्यंत आवारातल्या नळापाशी उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "आत उकडत होतं."

तुम्हा दोघांत बावीस वर्षं पत्र नाही. का, ते मला कोणी सांगत नाही. येत्या किप्पूरच्या आत आपण त्यांना दोन ओळी लिहाल का?

आपली पुतणी,
मिल्का

दिमोना
९ एप्रिल १९९८

चि. मिल्का हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, आमच्या घराण्यात कोणाचं नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांच्या घरात पहिली पदवी, तीही मुलीची. तुझी आजी असती तर सगळ्या पेठेला मलिदा वाटला असता.

इथे मी बरा आहे. तुझी काकू सिंपोरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलं हैफाला. त्यांना मराठी समजतं, वाचता येत नाही, आणि नातवंडांना समजतही नाही. खालच्या मजल्यावर पेणकर होता, त्याच्याशी रोज भांडायचो. तो डिसेंबरात गेला. आता मराठीत भांडायला या इमारतीत कोणी उरलं नाही.

दोन ओळींचं नंतर बघू. तू तारखा दुरुस्त करतेस ना? मग माझी एक कर. गिरणीतून सुटल्यापासून चौदा वर्षं मी एक हिशोब मांडतोय. नबींनी सांगून ठेवलेली वर्षं कुठल्या सालापासून धरायची आणि मशीहा नक्की कुठल्या दिवशी येईल, याचा. साल सापडलंय. पण आपलं पंचांग चंद्राचं, मध्येच तेरावा महिना घुसतो, आणि माझी बेरीज दर वेळी वेगळी येते. वहीची सहा पानं सोबत आहेत. कॉम्प्युटरला विचारून सांग.

तुझा काका,
मोझेस

रास्ता पेठ, पुणे
२४ मे १९९८

ती. मोठे काका,

शालोम. तुम्ही उत्तर दिलंत, म्हणून आता 'आपण' सोडते, रागावू नका.

प्रोग्रॅम झाला. आमच्या टीम लीडर उत्कर्षा मॅडमची परवानगी घेतली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या देवाला डेडलाइन आहे? मग आपल्या क्लायंटपेक्षा बरा. आपला तर रोज बदलतो." तेराव्या महिन्याचा नियम हजानांकडून समजून घेतला आणि तुमचं साल घातलं. तुमच्या वहीप्रमाणे तारीख येते ११ सप्टेंबर १९९९, शनिवार. म्हणजे आपल्या नव्या वर्षाचा पहिला दिवस! प्रिंट सोबत पाठवते.

पण हजानांना दाखवलं तर ते खूश झाले नाहीत. म्हणाले, असा शेवट मोजणाऱ्यांना आपल्या जुन्या रब्बींनी चक्क शाप दिलाय. कारण तारीख उलटून जाते, आणि मग लोक म्हणतात की आला नाही म्हणजे येणारच नाही. दुसरे एक रब्बी म्हणाले होते की सगळ्या मोजलेल्या तारखा केव्हाच होऊन गेल्या, आता सगळं फक्त तेशुवावर आहे. केलेल्याचा पश्चात्ताप करून मागे वळण्यावर. मी विचारलं, मग तारीख ठरलेली नाहीच का? तर म्हणाले, ठरलेली आहे, पण आपण लायक झालो तर तो घाई करतो.

मला हे फार पटलं. तुम्हाला काय वाटतं? शेजारच्या कांताबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुमचा मशीहा आणि आमच्या ह्यांचं पेन्शन, बघू आधी कोण येतंय." त्यांचे मिस्टर भीमरावकाका दोन वर्षं फाइलच्या मागे आहेत.

आणि काका, माझ्या पहिल्या प्रश्नाचं तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

मिल्का

दिमोना
२० जून १९९८

चि. मिल्का,

प्रिंट भिंतीला लावलाय.

हजानांना माझा शालोम सांग, आणि सांग की तेशुवा करणारे मी खूप बघितले. किप्पूरला छाती बडवतात आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये जागेवरून एकमेकांची गचांडी धरतात. आमच्या सुधारण्यावर ठेवलं तर तो यायचाच नाही. म्हणून मी मोजतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पुन्हा विचारू नकोस.

माझी आई, तुझी आजी, १३ जानेवारी १९७६ ला गेली. मला कळलं २४ फेब्रुवारीला. बेचाळीस दिवसांनी, साध्या पत्राने. पाकिटावर पुण्याचा शिक्का १२ फेब्रुवारीचा. तारऑफिस घरापासून दहा मिनिटांवर होतं आणि तुझ्या बापाला लाल पेटीपर्यंत जायला महिना लागला. असा आळशी माणूस.

आपला कायदा तुला माहीत नसेल. आईबाप गेल्याचं तीस दिवसांच्या आत कळलं तर मुलाने सात दिवस जमिनीवर बसायचं. लोक येतात, जेवण आणतात, गेलेल्याबद्दल बोलतात. तीस दिवस उलटल्यावर कळलं, तर एक तास. मी स्वयंपाकघरात फरशीवर एक तास बसलो. सिंपोरा घड्याळाकडे बघत होती. तास झाला तशी म्हणाली, "उठा आता." उठलो आणि दुसऱ्या पाळीला गिरणीत गेलो.

मशीहा आला की मेलेले उठतात. तेव्हा आईलाच विचारेन की जाताना माझं नाव घेतलंस का. शालोमच्या देखत विचारेन. तोवर त्याला लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सव्वा वर्षाचा तर प्रश्न आहे.

मोझेस

रास्ता पेठ, पुणे
११ ऑक्टोबर १९९८

ती. मोठे काका,

उशीर झाला, माफ करा. ऑफिसात काम फार वाढलंय.

किप्पूर झाला. सिनेगॉगमध्ये या वेळी बाकं निम्मी रिकामी होती. माझ्याबरोबर शाळेत असलेली रीना नवऱ्याबरोबर तिकडे बीरशेबाला गेली. माझ्या वयाची आता इथे मी एकटीच आहे. बायकांच्या बाजूला मी आणि दोन म्हाताऱ्या. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पान मी दाखवते.

पप्पांना आपला पत्रव्यवहार सांगितला. रागावले नाहीत. तुमची पत्रं मात्र वाचायला मागितली नाहीत. आजीच्या पत्राबद्दल विचारलं, तर काही बोलले नाहीत.

तब्येतीला जपा. मागच्या पाकिटावरचं अक्षर तुमचं नव्हतं, म्हणून विचारते. कोणी लिहून दिलं?

मिल्का

दिमोना
१४ फेब्रुवारी १९९९

चि. मिल्का,

पाकिटावर क्लिनिकमधल्या नर्सने पत्ता लिहिला. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त गाळून घ्यायला जातो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. चार तास पडून राहायचं. बाजूच्या पलंगावर एक मोरोक्कोचा, एक रशियन. कोणाला कोणाचं कळत नाही, सगळे छताकडे बघतात.

आतल्या खोलीला चुना लावून घेतला. आईसाठी पलंग आणला, बुटका, तिचे गुडघे दुखायचे. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी. म्हटलं, आई येणार आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बहात्तर वर्षांच्या माणसाची आई!

पोरगा हैफाहून आला होता. भिंतीवरचा प्रिंट बघून म्हणाला, "अब्बा, डॉक्टरला दाखवू या." मी म्हटलं, दाखव की, डॉक्टरलाही तारीख कळू दे.

दोनशे नऊ दिवस.

मोझेस

रास्ता पेठ, पुणे
१६ ऑगस्ट १९९९

ती. मोठे काका,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तुमची तारीख चुकली आहे. चूक माझी आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये एका वर्षाचा तेरावा महिना दोनदा धरला गेला होता. सन दोन हजार हे लीप वर्ष आहे की नाही याची तपासणी ऑफिसात चालू होती, तेव्हा माझं मला लक्षात आलं. पुन्हा चालवून बघितलं. तुमच्या वहीप्रमाणे खरी तारीख ११ सप्टेंबर नाही, तीस दिवस आधीची आहे. १२ ऑगस्ट, गुरुवार. ती चार दिवसांपूर्वी होऊन गेली.

एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मला हे २ ऑगस्टलाच कळलं होतं. खाली आयएसडी बूथ आहे. तुमच्या क्लिनिकचा नंबर नर्सने पाकिटावर लिहिलेला आहे. मी फोन केला नाही. वाटलं, दहा दिवसांवर आहे म्हटल्यावर तुम्ही जेवण टाकाल, मशीनवर जायचं टाळाल, आणि तेराव्या तारखेला काय होईल? मग वाटलं, होऊन जाऊ दे, नंतर सांगू. रोज एक दिवस मोजला. ११ तारखेला सगळं पुणं सूर्यग्रहण बघायला गच्चीवर होतं. मी घरात बसले होते. १२ तारखेला ऑफिसला जाऊन आले. काहीच झालं नाही. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

तो दिवस तुमचा होता. येवो न येवो, तो तुम्ही जागेपणी बघायला हवा होता. तुमच्या भल्याचं काय, हे मी परस्पर ठरवलं आणि तुमची बातमी दाबून ठेवली. मी तुमची अपराधी आहे. माफी मागते.

दुसरं. ऑक्टोबरात मी लिहिलं होतं की पप्पा काही बोलले नाहीत. ते खोटं होतं. पप्पा बोलले. बराच वेळ बोलले. काय, ते मी सांगणार नाही, ते त्यांनीच सांगायचं आहे. तुम्ही समजता तसा तो आळस नव्हता, एवढंच सांगते. मी म्हटलं होतं, "पप्पा, काकांना लिहा." तर म्हणाले, "चुकून झालेल्याची माफी मागता येते, मिल्का. मी मोजून केलंय." तेव्हा मला ते वाक्य निर्दयी वाटलं होतं. या महिन्यात मी स्वतः मोजून करून बघितलं.

मिल्का

दिमोना
२७ ऑगस्ट १९९९

चि. मिल्का,

तर १२ ऑगस्टला मी काय करत होतो ते आठवून बघितलं. गुरुवार, मशीनचा दिवस नव्हता. सकाळी ब्रेड आणला. कांदा चिरला. दुपारी पलंगाचा एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली पुठ्ठा घातला. संध्याकाळी बाल्कनीत बसलो. पेणकरची बायको खालून म्हणाली, "मोझेसभाऊ, बरं आहे ना?" मी म्हटलं, आहे. झाला दिवस.

वाक्रुळकरांच्या घरात बातमी वेळेवर द्यायची पद्धतच नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. प्रिंट फाडला. तिसऱ्या दिवशी मशीनवर पडल्या पडल्या एक गोष्ट आठवली, ती तुझ्या बापाने तुला सांगितली असेल, नसेल तर मी सांगतो. मी इथे आलो त्या वर्षी आईला लिहिलं, पेसाखच्या सणाला येतो. मग लिहिलं, सुक्कोथला. मग लढाई झाली, मग मुलगा झाला, मग गिरणीने रजा दिली नाही. बारा वर्षांत मी तिला पाच तारखा दिल्या. पाच वेळा तिने गादी उन्हात घातली असेल, आणि शालोमने ती खाली-वर वाहिली असेल. मशीहाची तारीख सांगणाऱ्याला शाप का दिलाय, ते मला आत्ता कळलं. सांगणारा सांगून मोकळा होतो. वाट बघणारा झिजतो.

तुला माफ केलं. मोजून केलंस तरी माफ केलं. चौदा दिवसांत सांगितलंस, आमच्या घरात हा विक्रम आहे.

शालोमला सांग, मोजून केलं म्हणजे काय ते मला समजलं. पत्रावरचा शिक्का काढून पुन्हा बघितला. तेरा जानेवारी, बारा फेब्रुवारी. मी गाढव, महिन्यांची बेरीज करत बसलो चौदा वर्षं आणि हे तीस दिवस मोजले नाहीत.

मी येऊ शकत नाही, मशीन सोडत नाही. फोनवर बोलायचं नाही, फोनवर माझं ऐकणं जातं. मला त्याच्याकडून एकच हवं. ते सात दिवस. आई गेली त्या दिवसापासून सात दिवस, रोजचं एक पत्र. कोण आलं, काय बोललं, काय जेवलात, ती कशी गेली. तुझ्या अक्षरात नको, त्याच्या. मी फरशीवर बसून वाचेन. डॉक्टर नको म्हणाला तरी बसेन.

मोझेस

रास्ता पेठ, पुणे
१३ सप्टेंबर १९९९

दादा,

मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर पाने चालवले, पेन नाही. तुझं पत्र शुक्रवारी आलं. दोन दिवस सण होता, लिहिता येत नव्हतं, म्हणून आज बसलोय. बाहेर गणपती आणतायत, ढोल फार आहेत. मिल्का म्हणाली, खिडकी लावू का. मी म्हटलं, तू ऑफिसला जा, मला एकट्याला बसू दे.

आधी ते सांगतो. पत्र मी आठव्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. सदऱ्याच्या खिशात घेऊन कामावर जायचो. कायदा मला माहीत होता. तीस दिवस पूर्ण मोजले आणि एकतिसाव्या दिवशी पेटीत टाकलं. तू बारा वर्षं आईला बसवून ठेवलंस, तर तुला मी तिच्यासाठी बसूच द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. पेटीत टाकल्यावर हात आत घालून बघितला, निघत नव्हतं. तेव्हापासून दर किप्पूरला उपास धरतो आणि मनात म्हणतो, हा फुकट. दादा, मला माफ कर. करशील न करशील, मी मागितली.

आता पहिला दिवस.

मंगळवार होता. आई पहाटेच उठून बसली. म्हणाली, छातीत जड वाटतंय. मिल्का दोन महिन्यांची होती, तिला मांडीवर मागितली. मिल्काची आई चहा ठेवायला गेली. मी लुगड्याची घडी आईच्या पाठीला लावली. तुला वाटतं तसं तिने कोणाचं नाव घेतलं नाही. माझंही नाही. पोरीचा पाय हातात धरून "केवढा गार" म्हणाली आणि मान खाली घातली. मला वाटलं, बघतेय. चहा आला तेव्हा कळलं.

दुपारपर्यंत पेठेतले लोक आले. शेजारच्या सुशीलाबाईंनी सगळ्यांसाठी खिचडी केली, त्यांचा डबा मी सातही दिवस परत केला नाही. संध्याकाळच्या आत पुरायचं होतं. कब्रस्तानात पोचलो तर आम्ही नऊ पुरुष होतो. आईसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा लागतात. हजान थांबले. थंडी होती, ऊन उतरत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी फाटकाकडे. एवढी माणसं तुमच्याकडे गेली, दादा, एक माघारी वळून आला असता तर पुरलं असतं. कोणीतरी सायकलवर लष्कर भागात गेला आणि एका बगदादी यहुदी म्हाताऱ्याला घेऊन आला. त्याला आईचं नाव माहीत नव्हतं. त्याने विचारलं, मी सांगितलं.

मग मी कद्दीश म्हटला. तो दोघांनी मिळून म्हणायचा होता. मी मध्ये श्वास घ्यायला थांबलो की पुढचं कोणी म्हणत नव्हतं.

शालोम